दोन दिवसांची बचत

मारझानने 'लिंगतपासणी' या ओळीपुढे 'झाली' असा शब्द टाइप केला आणि दोन दिवस वाचवले.

दोन दिवस ही काही लहान कमाई नव्हती. शुक्रवारपर्यंत प्रबंधाचा मसुदा गेला, तर तिच्या मार्गदर्शक बाई, बायान आपाय, शिफारसपत्र देणार होत्या. पत्र मिळालं तर पीएच.डी.ची यंदाची एकुलती एक जागा तिची. जागा मिळाली तर गावी, किझिलोर्दाला परत जाणं टळलं, शाळेत पोरांना फळ्यावर बेडकाचं हृदय काढून दाखवणं टळलं, आणि मावशीने हेरून ठेवलेल्या जकात अधिकाऱ्याला जन्मभर चहा ओतणंही टळलं. एवढं सगळं एका शब्दाला मिळत होतं. बाजारात इतका स्वस्त सौदा दिसला असता तर मारझानला आधी संशय आला असता.

तपासणी तशी साधी होती. नमुना पुरुषाचा की बाईचा हे संगणक डीएनएवरून काही मिनिटांत सांगतो. ते कागदावरच्या फॉर्मशी जुळलं, म्हणजे नळ्यांची अदलाबदल झालेली नाही असं समजायचं. वेळ जातो तो फॉर्म वाचण्यात. इस्पितळातल्या नर्सने घाईघाईत भरलेले अठ्ठ्याऐंशी कागद, एकेक उजेडात धरून लावायचे आणि यादीत चढवायचे. शिवाय बायान आपायच्या प्रयोगशाळेत या तपासणीत आजवर कधी काही निघालं नव्हतं. ज्या कामात कधी काही निघत नाही ते माणूस आधी उद्यावर टाकतो आणि मग झालं म्हणून सांगतो.

वाचवलेल्या दोन दिवसांतला पहिला तास वापरून मारझानने पुढची पायरी चालवली.

नमुने बल्खाश सरोवराकडच्या चार-पाच गावांतल्या घराण्यांचे होते. तिकडे धडधाकट माणसं उभ्या उभ्या जायची. एक शिक्षक शाळेची घंटा वाजली तेव्हा खडू हातात धरून गेला. एक सून वरातीतल्या मोटारींचे भोंगे ऐकून उंबऱ्यावरच कोसळली. एका जनुकातलं एक अक्षर चुकलेलं असतं, एवढंच. एरवी त्या माणसाला घोड्यावर बसवा, डोंगर चढवा, काही होत नाही. अचानक आवाज झाला की हृदयाचा ठोका चुकतो, आणि एखाद्या वेळी तो परत सापडत नाही.

चुकलेलं अक्षर कोणाकोणात आहे, त्याची यादी पडद्यावर आली. नऊ जण होते. आठ क्रमांक गावकऱ्यांचे.

नववा होता वि-७.

मारझानने यादी बंद केली, पुन्हा उघडली. मग ती उठून खिडकीपाशी गेली, बाहेरचा डोंगर बघितला, परत आली. वि-७ तिथेच होता.

वि म्हणजे विद्यार्थी. यंत्रात जाणाऱ्या प्लेटला शहाण्णव खळगे असतात आणि गावकरी भरले होते अठ्ठ्याऐंशी. रिकामा खळगा बायान आपायना पाहुण्यासमोरच्या रिकाम्या ताटासारखा टोचायचा. त्यांनी एम.एस्सी.च्या आठ विद्यार्थ्यांना ओळीने उभं करून नळीत थुंकायला लावलं, बदल्यात प्रयोगवहीची दोन प्रकरणं माफ केली, आणि शेवटचा उभा स्तंभ भरून टाकला. यंत्राची चाचणी होईल, निष्कर्षातून या आठ ओळी वगळायच्या, कोणी आपली ओळ बघायची नाही, असं ठरलं होतं. सातव्या नंबरला मारझान उभी होती. तिच्यापुढे एक जागा सोडून तिच्या खोलीतली काम्शात. प्लेट भरायचं काम याच दोघींनी केलं होतं, ऑक्टोबरात. अगदी शेवटी काम्शातला भोवळ आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, तेव्हा तिच्या मांडीवरची प्लेट उचलून मारझाननेच यंत्रात ठेवली. पोरगी सकाळपासून उपाशी आहे, असा सगळ्यांनी निकाल दिला आणि तिला तळलेले गोळे, बाउर्साक, चारले.

त्या सोमवारी मारझान वसतिगृहावर परतली ती भिंतीच्या कडेकडेने. रस्त्यावर एका बसने हॉर्न दिला तेव्हा तिने छाती धरली. छाती धडधडत होती. ती भीतीने धडधडते आहे की अक्षर चुकलंय म्हणून, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता येईना म्हणून ती आणखी धडधडू लागली.

खोलीत काम्शात पलंगावर मांडी घालून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. ती पहाटे पाचपासून एका तंदूरच्या दुकानात पाव लावायची, दुपारी झोपायची आणि चारला उठून वर्गाला यायची. आठवड्याचे सातही दिवस दुकान, त्यामुळे तिची झोप म्हणजे दगड. डोक्याशी तिच्या थोरल्या भावाचा फोटो होता. पट्टीचा पोहणारा, रेल्वेच्या पुलाखाली कालव्यात पोहताना बुडाला, त्याला सहा वर्षं झाली होती.

मारझानने सगळं सांगितलं. काम्शातने बियांची टरफलं कागदात गुंडाळली.

"आपायना सांग."

"सांगितलं की त्या पहिलं काय विचारतील?"

"काय?"

"लिंगतपासणी दाखव म्हणतील."

"मग दाखव ना."

मारझानने बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या. काम्शातने तिच्याकडे नीट बघितलं.

"केलीच नाहीस. आणि झाली म्हणून लिहिलंस. अगं बाई, तुला त्या जकात अधिकाऱ्याशी लग्न करायला काय हरकत होती? तुमचं चांगलं जमलं असतं."

"चेष्टा करू नकोस."

"बरं. मग आता कर. नळी बदलली असेल तर कळेल."

"आणि नसेल बदलली तर?"

काम्शातने टरफलांचा कागद बाजूला ठेवला. मारझानचा हिशेब तिला कळला. न केलेल्या तपासणीत चुकीला जागा होती; केली की ती जागा गेली. जोवर बघितलं नाही तोवर निम्मा जीव तरी आपला होता.

"निदान ईसीजी काढ."

"त्याच इस्पितळात? दुसऱ्या दिवशी कागद आपायच्या टेबलावर येईल."

"म्हणजे जीव गेला तरी चालेल, पत्र जाता कामा नये."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला पाहिजे," काम्शात म्हणाली, आणि उठून तिने आधी मारझानचा फोन मुका केला. मग दाराच्या चौकटीत मोज्यांची जोडी कोंबली, दार आपटू नये म्हणून. खाली जाऊन वसतिगृहाच्या पहारेकरीण बाईला सांगून आली, की तिसऱ्या मजल्यावर परीक्षेचा अभ्यास चाललाय, दार ठोकायचं नाही, हाक मारायची नाही. शेवटी स्वतःच्या फोनपाशी थबकली. तिचा गजर सगळ्या मजल्याला माहीत होता. एखादी रुग्णवाहिका पलंगाखाली लपवून ठेवावी तसा तो पहाटे सव्वाचारला एकदा आणि दुपारी चारला एकदा ओरडायचा.

"याचं काय करू? हळू लावला तर मी उठत नाही."

"राहू दे, मी सवय करीन."

"सवय कर आणि मर. मग तुझा पलंग त्या घोरणारीला देतील." तिने ट्रंकेतून वायरवाले इअरफोन काढले, फोनला जोडले, एक बोंडूक कानात घातलं. "हे बघ. पूर्ण आवाजात, माझ्या एकटीच्या कानात. तू झोप महाराणीसारखी."

मंगळवारपासून तसंच सुरू झालं.

मारझान मात्र महाराणीसारखी झोपली नाही. ती आवाजांची यादी करू लागली. किटलीचं झाकण. खालच्या मजल्यावरचा कुत्रा. जेवणघरातले ट्रे. कोणी शिंकायच्या बेतात असलं तर ती आधीच दूर सरकायची. पूर्वी आवाज ऐकून माणसं कळायची; आता माणूस दिसला की त्याच्यात किती आवाज साठलाय ते ती मोजायची. मसुदा तिने शुक्रवारच्या एक दिवस आधीच दिला. बायान आपाय म्हणाल्या, "छान. तू कधी वेळ चुकवत नाहीस." मारझान हसली आणि तिला हसण्याचीसुद्धा भीती वाटली.

त्याच गुरुवारी शहरातले भूकंपाचे भोंगे वाजवून बघणार होते. आठवडाभर सूचना लागली होती: अकरा वाजता, घाबरू नये. घाबरू नये हे वाचून मारझानने सकाळपासून काही खाल्लं नाही. पावणेअकराला काम्शात तिला वसतिगृहाच्या तळघरात घेऊन गेली, जिथे धुण्याची यंत्रं होती, आणि दोघी साबणाच्या खोक्यांवर बसल्या.

"बोलत राहा," मारझान म्हणाली.

"काय बोलू? माझे सात बाप सांगू? बायझाक, त्याचा बाप इसातय, त्याचा बाप कोझाबेक..." काम्शातने एका दमात सात नावं मोजली. दर कझाख पोराला बोलता येऊ लागलं की ही पाठ करून घेतात. "माझे आजोबा म्हणायचे, सात बाप ज्याला येत नाहीत तो अनाथ."

"आणि आईकडचे?"

"आईकडचे कोण विचारतंय? आई बल्खाशकडची, एवढं मला ठाऊक. तुझ्या त्या गावकऱ्यांच्याच अंगाची. चिकट माणसं. थुंकीसुद्धा मोजून दिली असेल त्यांनी."

मारझान पहिल्यांदा मनापासून हसली, आणि तेवढ्यात भोंगा सुरू झाला. तळघरातही तो आला, भिंतीतून, पाइपांतून. काम्शातने पुढे होऊन दोन्ही तळव्यांनी मारझानचे कान गच्च दाबले. तिला दोनच हात होते. भोंगा चालू होता तोवर ती तोंड वेडंवाकडं करून हसवत राहिली. तळवे मात्र गार होते आणि ओले.

"झालं," ती शेवटी म्हणाली, आणि खोक्यावर परत बसताना जरा चुकली, खाली जमिनीवर बसली. "तुझ्या नादाने मीही उपाशी. चल, चहा पाज."

पुढच्या बुधवारी बायान आपायनी मारझानला बोलावलं. इस्पितळाला यादी पाठवायची होती. ज्यांच्यात ते अक्षर चुकलंय त्यांना घरी पत्रं जाणार, तपासणीला बोलावणार, गोळी सुरू करणार.

"गोळी असते?" मारझानने विचारलं. तिला ते ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण गेले दहा दिवस ते वाक्य तिला आठवलंच नव्हतं.

"असते ना. रोज एक. गजर काढून टाकायचे, दोन-चार औषधं टाळायची. कळलं तर ही माणसं म्हातारी होतात, पोरी. न कळलेलीच जातात." आपायनी चष्मा कपाळावर चढवला. "सही करायच्या आधी तुझा लिंगतपासणीचा तक्ता जोडून दे. नियम आहे."

"आज?"

"उद्या संध्याकाळपर्यंत दे. झालीच आहे ना."

फॉर्म वाचायला काम्शात बसली. बुधवारची दुपार झोपून झाल्यावर ती आली, आणि गुरुवारी सकाळी तंदूरवरून थेट, केसांत पीठ घेऊन. फॉर्मवर नाव नव्हतं, क्रमांक आणि खुणा होत्या.

"एक्केचाळीस. पुरुष."

"टाकला."

"बेचाळीस. नर्सने आधी बाई लिहिलंय, मग खोडलंय, मग पुन्हा बाई. नर्सलाच आधी तपासा."

"काम्शात."

"बाई. त्रेचाळीस, पुरुष. चव्वेचाळीस... तेच तीनदा काय टाइप करतेस? ही चव्वेचाळिसावी बाई निवांत आहे, तिला काही माहीत नाही."

दीड वाजता शेवटचा कागद संपला. काम्शातने जांभई दिली. "मी आडवी होते. निकाल लागला की सांग. आणि काहीही लागला तरी आपायकडे जायचं, एवढं माझ्यासाठी." दारापाशी ती वळली. दार मात्र तिने सवयीने अगदी हळू लावलं.

एकटी उरल्यावर मारझानने अठ्ठ्याऐंशी ओळी पुन्हा एकदा पडताळल्या, तीन वाजेपर्यंत. मग तिने कळ दाबली.

संगणकाने चार मिनिटं घेतली. तिने सरळ शेवटच्या स्तंभावर नजर टाकली.

वि-७: पुरुष.

मारझानने ते दोनदा वाचलं. ती बाई होती याबद्दल आजवर कोणी वाद घातला नव्हता. तिच्या खळग्यात दुसराच कोणी होता, कोणी बुवा, देव त्याचं भलं करो. ती हसली, मोठ्याने, आणि आपण मोठ्याने हसलो तरी काही होत नाही हे बघून आणखी हसली. मग तिने उरलेला तक्ता पाहिला. शहाण्णवांत चव्वेचाळीस नमुने जुळत नव्हते.

कागद घेऊन ती आपायच्या खोलीत गेली, तेव्हा अजून तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. बायान आपायनी तक्ता वाचला. त्यांनी एक कोरा कागद घेतला, प्लेटसारखे आठ ओळींत बारा-बारा चौकोन आखले, फॉर्मप्रमाणे पुरुष काळे केले. दुसऱ्या पातळ कागदावर संगणकाप्रमाणे. एकावर एक ठेवून खिडकीला लावले. काही जुळत नव्हतं. मग वरचा कागद त्यांनी तसाच फिरवला, डोकं खाली, पाय वर.

काळ्यावर काळा बसला. एकही चौकोन बाहेर राहिला नाही.

"प्लेट उलटी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "कोपऱ्याची खाच बघितली नाही. कोणी ठेवली?"

"मी."

"आणि ही तपासणी झाली म्हणून कधी लिहिलंस?"

"सोमवारी. गेल्याच्या गेल्या नाही... गेल्या आठवड्यात सोमवारी. अकरावा दिवस आज."

आपायनी खिडकीचा कागद खाली घेतला. ओरडल्या नाहीत. "चुकीच्या घरी पत्रं गेली असती. आणि ज्यांना जायला हवीत ते झोपून राहिले असते." एवढंच म्हणून त्या पेन घेऊन यादी पलटू लागल्या. पहिला खळगा शेवटच्या जागी, शेवटचा पहिल्या. मारझान उभी होती. तिचा गुन्हा टेबलावर उघडा पडला होता, पत्र गेलं होतं, जागा गेली होती, आणि तरी तिला हलकं वाटत होतं. तिने मनाशी बेरीज मांडून पाहिली. जीव जमेत होता. बाकी सगळं खर्ची पडलं तरी शिल्लक उरत होती.

"नऊच," आपाय म्हणाल्या. "नऊच राहणार, संख्या कुठे जाते. आठ गावातले." पेन थांबलं. "आणि एक तुमच्यातलाच. वि-५. वि-५ कोण?"

वि-५. यादीत आतापर्यंत त्याच्या जागी एका गावकऱ्याचा क्रमांक होता. गावकऱ्याच्या नावावर ते चुकलेलं अक्षर कोणाला खटकलं नव्हतं.

मारझान उभी होती त्या रांगेत. सातवी. पुढे एक जागा सोडून. मग तिला ऑक्टोबर आठवला, नीट, सुरुवातीपासून. तिच्या दोन्ही हातांत नळ्या होत्या. शीतखोलीचं लोखंडी दार तिने टाचेने ढकललं होतं आणि ते धाडकन मिटलं होतं, आणि त्याच्यानंतर काम्शात भिंतीला टेकून खाली बसली होती.

"मारझान. वि-५ कोण?"

"किती वाजले, आपाय?"

"पावणेचार होऊन गेलेत. का?"

ती दाराकडे वळली. आपाय मागून म्हणाल्या, "आजच घेऊन ये त्याला. घाबरवू नकोस हं," पण तोवर ती जिन्यावर होती.

वसतिगृह दोन चौक पुढे होतं. ती धावली. पहारेकरीण बाईने तोंड उघडलं तेव्हा मारझानने ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर तिने बूट काढले. दारातले मोजे तसेच होते. दार आवाज न करता उघडलं.

काम्शात कुशीवर झोपली होती. फोन उशीखाली, डोक्याच्या वजनाखाली. वायर उशीतून निघून कानात गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात चारला तीन मिनिटं कमी होती. वायर ओढून चालणार नव्हतं. फोनमधून सुटली असती तर तो सगळ्या खोलीभर ओरडला असता. हाक मारून चालणार नव्हतं. हलवून जागं करायचा तिला धीर होईना. मारझान पलंगाशी गुडघ्यांवर बसली, दोन बोटांनी काम्शातचे पिठाळ केस मागे सारले, आणि ते बोंडूक कानातून काढायला लागली, काटा काढावा तसं. ते निघालं. तिने मूठ घट्ट मिटली.

काम्शात हलली, डोळे न उघडताच. "वाजले चार?"

"नाही अजून. झोप."

"निकाल?"

"मला काही नाही."

"बघ," काम्शात झोपेतच हसली, "उगीच घाबरलीस," आणि तिने भिंतीकडे कूस वळवली, फोटोखाली.

चार वाजले. गजर मारझानच्या मुठीत वाजला. बोटांच्या हाडांतून तो तिला जाणवत होता, बारीक आणि कर्कश, थांबायचं नाव न घेणारा. तिने मूठ पोटाशी दाबून धरली आणि मोजलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पहाटे एकदा, दुपारी एकदा. मंगळवारपासून आज सकाळपर्यंत. तिने वाचवले होते दोन दिवस. काम्शातच्या कानात तो वाजला होता एकोणीस वेळा. हा विसावा.